पंक्तिप्रपंच

आमची एक पुतणी इंग्लंडांत लेस्टर येथें नोकरीनिमित्त असते. दर रविवारीं सायंकाळीं तिचा फोन येतो, आणि तो घरांतील सर्वांनीं एकत्र बसून ऐकावा असा प्रघात पडला आहे. गेल्या महिन्यांत तिनें शेजारच्या एका वृद्ध बाईंची हकीकत सांगितली. बाईंच्या खुब्याचा सांधा झिजला आहे. शस्त्रक्रिया केली पाहिजे असें डॉक्टरांनीं सांगितलें. पैसा एकही पडावयाचा नाहीं. परंतु चौदा महिने झाले तरी पाळी आलेली नाहीं. जिना चढवत नाहीं म्हणून बाई खालीं बैठकीच्या खोलींतच निजतात.

हें ऐकतांच आमच्या घरांत दोन पक्ष पडले. धाकटे चिरंजीव म्हणाले, "फुकट मिळतें तें असेंच मिळावयाचें." त्यावर सूनबाई म्हणाल्या, "आपल्याकडे पाळी लगेच येते, पण आधीं पैसे मोजावे लागतात. ज्याच्यापाशीं ते नाहींत त्याची पाळी कधींच येत नाहीं. त्यांची यादी कोणी ठेवीत नाहीं, म्हणून ती लांबलेली दिसत नाहीं." सूनबाईंचें म्हणणें मला अधिक मार्मिक वाटलें, आणि म्हणून या महिन्यांत हाच विषय वाचकांपुढें मांडतों.

ब्रिटनची ही राष्ट्रीय आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ रोजीं सुरू झाली. ती उभी करणारे मंत्री अन्यूरिन बेव्हन हे वेल्समधील ट्रेडेगार या कोळशाच्या गांवचे. लहान वयांतच शाळा सोडून ते खाणींत उतरले होते. त्या गांवीं कामगार आपल्या मजुरींतून थोडे थोडे पेन्स एका मंडळाकडे देत, आणि त्या पैशांतून डॉक्टर, औषध व रुग्णालय यांचा खर्च चाले. कोणीं किती दिलें आणि कोणाला किती लागलें याचा ताळा कोणी घेत नसे. (क्रोनिन हे कांहीं काळ याच गांवीं डॉक्टर होते, त्यांची १९३७ सालची 'सिटडेल' ही कादंबरी आमच्या वडिलांनीं दोनदां वाचली होती.) बेव्हन यांनीं तीच रीत साऱ्या देशाला लावली. खर्च सर्वांनीं मिळून करांतून द्यावयाचा, आणि उपचार ज्याची जशी गरज तसा. डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध कडवा होता. तो शमविण्यासाठीं रुग्णालयांतील तज्ज्ञांना खासगी रोगी पाहण्याची मोकळीक ठेवावी लागली. ही गोष्ट लक्षांत असूं द्यावी.

पंगतींत पंक्तिप्रपंच करूं नये, हा आपल्याकडील जुना दंडक आहे. जांवयाच्या पानावर तुपाची धार आणि आश्रिताच्या पानावर थेंब, असें जो वाढतो त्याला लोक नांवें ठेवतात. (आपल्या पंगतींत मुळांत बसूं कोणाला देत असत, हा प्रश्न निराळा, त्याचें उत्तर आपल्याला भूषणावह नाहीं.) परंतु दंडक सांगणारांनीं एक गोष्ट सांगितली नाहीं. पंगत मोठी आणि तूप थोडें, अशी वेळ आली म्हणजे वाढप्यानें काय करावें?

तिकडे तूप फार लवकर कमी पडलें. वर्षानुवर्षें अधू डोळ्यांनीं आणि किडक्या दांतांनीं दिवस काढलेलीं माणसें चष्मे व कवळ्या मागावयास आलीं, आणि खर्चाचा अंदाज पार चुकला. १९५१ सालीं कवळ्या व चष्मे यांवर आकार बसविण्याचें ठरलें, तेव्हां बेव्हन यांनीं मंत्रिपद सोडलें. पुढच्याच वर्षीं औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग आकार बसला. तो मध्यंतरीं तीन वर्षें उठला, पुन्हां बसला; इंग्लंडांत २०२४ सालीं तो दर औषधाला ९ पौंड ९० पेन्स झाला, आणि वेल्सनें २००७ मध्यें तर स्कॉटलंडनें २०११ मध्यें तो साफ काढून टाकला. एकाच राज्यांत दोन पंगती झाल्या म्हणावयाच्या.

जेथें किंमत माणसांना बाहेर ठेवीत नाहीं तेथें तें काम रांग करते. इंग्लंडांत शेंकडा ९२ रोग्यांना १८ आठवड्यांच्या आंत उपचार मिळावा असा संकेत ठरलेला. २०१६ नंतर कित्येक वर्षें तो पाळतां आला नाहीं. २०२३ च्या सप्टेंबरांत प्रतीक्षायादीवर ७७ लाखांवर प्रकरणें होतीं. एकाच माणसाचीं दोन प्रकरणें असूं शकतात हें धरलें तरी आंकडा लहान होत नाहीं. आतां ती मघांची मोकळीक आठवावी. ज्यांच्यापाशीं पैसा आहे ते खासगी रीतीनें शस्त्रक्रिया करून घेतात, आणि सुरी पुष्कळदां त्याच तज्ज्ञाच्या हातांत असते. त्यांच्यामुळें रांग तेवढी कमी झाली असें कोणी म्हणतो. तज्ज्ञाचा वेळ रांगेंतून काढून नेला असें दुसरा म्हणतो. मला दुसऱ्याचें म्हणणें पटतें, परंतु पैसे असते तर मीं माझ्या पत्नीला चौदा महिने खालच्या खोलींत निजूं दिलें असतें काय, असें विचाराल तर उत्तर देणें कठीण आहे.

पंगतींत परक्यानें बसावें कीं नाहीं, हाही वाद तिकडे आहे. २०१५ पासून बाहेरून येणारांना व्हिसाबरोबरच आरोग्यसेवेचा आकार आगाऊ भरावा लागतो. तो आरंभीं वर्षाला २०० पौंड होता, तो २०२४ मध्यें बहुतेकांना १,०३५ झाला. आमची पुतणी तो भरते, शिवाय पगारावर करही देते. म्हणजे एका पानाचे दोनदां पैसे. आणि गंमत अशी कीं, १९५० नंतर वेल्सच्या खाणींच्या खोऱ्यांत इंग्रज डॉक्टर जावयास तयार नसत, तेव्हां तेथील दवाखाने चालविणारांत हिंदुस्थानांतून गेलेले डॉक्टर पुष्कळ होते. त्यांचें शिक्षण येथील पैशानें झालें होतें. तो आकार कोणीं कोणाकडून घ्यावयाचा, हें कोणी विचारीत नाहीं.

खरा कठीण प्रश्न याच्या पुढचा आहे. महाग औषध द्यावें कीं न द्यावें हें ठरविण्यासाठीं १९९९ सालीं तेथें एक संस्था निघाली. तिला संक्षेपानें 'नाइस' म्हणतात. औषधानें आयुष्य किती वाढेल आणि तें कितपत सुखाचें असेल, हीं दोन्हीं एकत्र धरून ती पूर्ण आरोग्याच्या एका वर्षाचें माप करते. असें एक वर्ष पदरांत पडण्यास किती पौंड लागतात तें पाहते. पुष्कळ वर्षें ही मर्यादा साधारणपणें २० ते ३० हजार पौंड मानली जात होती. त्यापलीकडे गेलेल्या औषधाला होकार मिळणें अवघड. मी प्रथम वाचलें तेव्हां अंगावर कांटा आला. प्राणाला भाव लावला! जो जन्मतःच पंगु आहे त्याचें वर्ष या मापांत कमी भरावें काय, असा आक्षेप तिकडील विचारवंतही घेतात, आणि तो मला अजून निरुत्तर करतो. परंतु ही संस्था आपलें गणित छापून काढते, रोग्यांचें व डॉक्टरांचें म्हणणें ऐकते, निकालाचीं कारणें देते. तिच्याशीं भांडतां येतें.

ती निघण्यापूर्वींची, १९९५ सालची एक हकीकत आहे. केंब्रिज भागांतील दहा वर्षांच्या एका मुलीला रक्ताचा कर्करोग उलटला होता. पुन्हां उपचार करावयास सुमारें ७५ हजार पौंड लागत होते, यशाची आशा फार थोडी, आणि यातना पुष्कळ. आरोग्यमंडळानें नकार दिला. बाप न्यायालयांत गेला. खालच्या न्यायाधीशानें मंडळाला फेरविचार करण्यास सांगितलें, आणि त्याच दिवशीं वरिष्ठ न्यायालयानें तो निकाल फिरविला: थोड्या पैशाचा विनियोग कोणावर करावा हें ठरविणें न्यायालयाचें काम नव्हे. मग एका अनामिक दात्यानें पैसे दिले, उपचार झाले, आणि मुलगी १९९६ च्या मे महिन्यांत वारली. मंडळ बरोबर होतें असें कोणी यावरून म्हणेल. पण तें एक वर्ष त्या बापाच्या घरांत होतें.

हें वाचतांना मला आमचें घर आठवत होतें. १९४६ सालीं, म्हणजे इंग्लंडच्या योजनेच्याही आधीं, नाशिकास जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीनें आपल्या देशासाठीं हेंच मागितलें होतें कीं, पैसे नाहींत म्हणून कोणी उपचारांवांचून राहूं नये. ती शिफारस बरीचशी कागदावर राहिली. म्हणून १९७२ च्या दुष्काळांत धाकट्या काकूच्या हृदयाच्या झडपेचा निर्णय आमच्या थोरल्या काकांना एकट्यानें करावा लागला. शस्त्रक्रिया मुंबईस होणार होती. शेतांतून दाणा आलेला नव्हता, घरांत खाणारीं एकोणीस माणसें, आणि थोरल्या चुलतभावाला पुण्यास इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालेला. काकांनीं कोणालाही विचारलें नाहीं आणि कोणाला कांहीं सांगितलें नाहीं. "औषधानें बरें वाटेल," एवढेंच म्हणाले. चुलतभाऊ पुण्यास गेला. काकू पुढें दोन वर्षें गोळ्या घेत होती, आणि पहाटे खोकला आला तर घरच्यांची झोंप मोडूं नये म्हणून परसांत जाऊन बसे. काका वाईट नव्हते. काकूचे दिवस झाल्यावर त्यांनीं तूप सोडलें तें अखेरपर्यंत.

काकूचा मुलगा तेव्हां नऊ वर्षांचा होता. आतां त्याचीही साठी उलटली. पितृपक्षांत तो घरीं आला होता तेव्हां जेवणानंतर ओटीवर मीं त्याला इंग्लंडची ही सारी हकीकत सांगितली, आणि भीत भीत विचारलें कीं, काकांनीं त्या वेळीं सर्वांना बसवून हिशेब दाखविला असता तर काय झालें असतें. तो पुष्कळ वेळ सुपारी कातरीत राहिला. मग म्हणाला, "निकाल बहुधा तोच लागला असता. पण आईला वाटत होतें कीं तिचा आजार साधा आहे. तिनें मुंबईला जाण्याची गोष्ट एकदांही काढली नाहीं. तिला माहीतच नव्हतें कीं असें कांहीं करतां येतें."