मोठं पापलेट ताटात, बारकं दर्यात : समुद्रातलं बियाणं आपण उलटं निवडतोय

मढ (मुंबई उपनगर) : ज्वारीचा शेतकरी काय करतो? पीक उभं असतानाच चांगली भरलेली कणसं हेरतो आणि ती बियाण्याला वेगळी ठेवतो. कोंबड्या पाळणारी बाई दांडगा कोंबडा विकत नाही, तो खुराड्यात राहू देते आणि मरतुकडा आधी कापते. जनुक हा शब्द कुणी ऐकलेला नसला तरी चांगल्याच्या पोटी चांगलं येतं, हे गावातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

आता मढच्या बंदरावर या. इथं नेमका याच्या उलट व्यवहार चालतो. सगळ्यात मोठं पापलेट, सगळ्यात मोठी सुरमई, सगळ्यात मोठी घोळ आधी विकली जाते, कारण मोठ्या माशाला किलोमागे भावच वेगळा. दर्यात मागं राहतं ते बारकं, आणि पुढच्या वर्षीचं बियाणं म्हणजे तेच.

मढ, भाटी, पलीकडे वर्सोवा, वर उत्तनपासून सातपाटीपर्यंतच्या कुठल्याही कोळीवाड्यात वयस्क मावशीला विचारा, मासा कमी झाला आणि बारीकही झाला असंच ती सांगेल. कमी का झाला, यावर सभा होतात, मोर्चे निघतात. बारीक का झाला, यावर मात्र फार कुणी बोलत नाही. आज तेवढंच बोलू.

बारीक होण्याची दोन कारणं

पहिलं कारण सरळ आहे. मासा वाढायला वेळ लागतो. तो वाढायच्या आधीच जाळ्यात आला तर बाजारात बारकाच दिसणार. मासेमारी थांबवली की काही वर्षांत तो पुन्हा मोठा दिसायला लागेल. हे नुकसान भरून येणारं आहे.

दुसरं कारण जनुकांतलं आहे आणि ते जास्त चिवट आहे. प्रत्येक माशाला अर्धी जनुकं आईकडून आणि अर्धी बापाकडून मिळतात. किती झपाट्याने वाढायचं, कितव्या वर्षी अंड्यावर यायचं, हे या जनुकांवर बऱ्यापैकी ठरतं. त्यात एकच एक जनुक नसतं, शेकडो जनुकांचा थोडा थोडा हात असतो. त्यामुळे एकाच थव्यात काही मासे उशिरा अंड्यावर येणारे पण दांडगे होणारे, तर काही लवकर अंड्यावर येऊन बारीकच राहणारे असे मिळतात. मासा खातो ती ताकद एकतर अंग वाढवण्यात घालतो नाहीतर अंड्यांत. दोन्ही एकदम जमत नाही.

आता या थव्यावर वर्षानुवर्षं जाळं फिरवा. जो मासा दांडगा होण्याची वाट बघत बसला, तो अंडी घालायच्या आधीच टोपलीत गेला आणि त्याची जनुकं तिथंच संपली. जो बारका असतानाच अंडी घालून मोकळा झाला, त्याची पोरं दर्यात राहिली. एकाही माशाने काही ठरवलं नाही, एकही मासा स्वतः बदलला नाही. पण दहा-वीस पिढ्यांनी थव्यात बारक्या वळणाचे मासे जास्त झाले. उत्क्रांती म्हणतात ती हीच. तिला लाखो वर्षं लागतात असं शाळेत शिकवतात, पण निवड इतकी कडक असली की एका माणसाच्या हयातीतही ती दिसते.

हे नुसतं पुस्तकातलं नाही

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या समुद्रातला एक बारीक मासा टाक्यांत पाळून शास्त्रज्ञांनी हे तपासलं. २००२ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. काही टाक्यांतून दर पिढीला सगळ्यात मोठे नव्वद टक्के मासे काढून टाकले, काही टाक्यांतून सगळ्यात लहान नव्वद टक्के. फक्त चार पिढ्यांत फरक पडला. लहान मासे काढलेल्या टाकीतल्या माशाचं सरासरी वजन मोठे काढलेल्या टाकीतल्या माशाच्या जवळपास दुप्पट झालं. पाणी तेच, खाणं तेच, फरक होता तो कुणाला बियाण्याला ठेवलं एवढाच.

टाकी वेगळी आणि दर्या वेगळा, असं तुम्ही म्हणाल. मग कॅनडाचं उदाहरण घ्या. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड नावाचा मासा इतका मिळायचा की १९६८ साली एका वर्षात आठ लाख टनांच्या आसपास पकडला गेला. १९९२ मध्ये तो जवळजवळ संपला. सरकारने बंदी घातली आणि तीस हजारांवर लोकांचा रोजगार एका फटक्यात गेला. नंतर जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की साठा कोसळायच्या आधीच माद्या कमी वयात आणि कमी लांबीवर अंड्यावर येऊ लागल्या होत्या. धोक्याची खूण आधीपासून होती, कुणी वाचली नाही. ती बंदी उठली थेट २०२४ मध्ये, आणि तीही फक्त १८ हजार टनांच्या मर्यादेवर.

सगळ्यात ताजी गोष्ट युरोपातली आहे. मासा साफ करणाऱ्या बायकांना ती लगेच कळेल. घोळ किंवा ढोम्याचं डोकं फोडलं की आत पांढरा खडा सापडतो ना? तो माशाच्या कानातला खडा. झाडाच्या बुंध्यात जशी वर्षाची वळी पडतात तशीच या खड्यातही पडतात, त्यावरून माशाचं वय आणि वाढ कळते. जर्मनीतल्या कील शहरातल्या संशोधकांनी बाल्टिक समुद्रातल्या कॉडचे १९९६ ते २०१९ या काळात जपून ठेवलेले असे खडे घेतले, त्याच माशांचा डीएनए वाचला आणि दोन्हींचा मेळ घातला. २०२५ मध्ये निकाल आला. पंचवीसेक वर्षांत तिथला कॉड पूर्वी जितका मोठा व्हायचा त्याच्या जवळपास निम्माच व्हायला लागला होता. भरभर वाढणाऱ्या माशांत असणारी जनुकांची ठेवण कमी कमी होत गेली होती. तिथं २०१९ पासून मासेमारी थांबली आहे, तरी मासा मोठा होत नाही. कारण मोठा होण्याचं बियाणंच उरलं नाही.

म्हणून दुसरं कारण चिवट म्हटलं. जाळं थांबवलं की मासा वाढतो, पण जनुक परत यायला कितीतरी पिढ्या लागतात, आणि पूर्ण संपलेलं जनुक परत येतच नाही.

आपल्याकडे नियम आहे, पण अर्धा

सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्य मासा झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. त्यामागे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची शिफारस होती. पापलेटसाठी माप आहे १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. तुम्ही ही बातमी ज्या मोबाइलवर वाचताय, त्याच्यापेक्षाही आखूड. एवढंसं पापलेट पकडू नका हे सांगायला सरकारला कायदा करावा लागला, यातच सगळं आलं.

नियम चांगलाच आहे. मासा पहिल्यांदा अंड्यावर साधारण केव्हा येतो, ते बघून ही मापं ठरवतात. निदान एकदा तरी त्याने अंडी घालावीत, हा हेतू. पण नुसत्या किमान मापाने जनुकांचा प्रश्न सुटत नाही. लहान वाचवा आणि मोठं सगळं पकडा, असा त्याचा अर्थ होतो, आणि टाकीतल्या प्रयोगात मासा बारीक झाला तो नेमका याच पद्धतीने. शिवाय मोठी मादी म्हणजे दोन लहान माद्यांची बेरीज नव्हे. अंगाच्या मानाने ती कितीतरी जास्त अंडी घालते. दांडग्या माद्यांचा काही वाटा दर्यात राहील, अशी सोय नियमात हवी.

घोळीचं बघा. तिच्या बोताला परदेशात सोन्यासारखा भाव आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पालघरजवळ मुरब्याच्या एका बोटीला एका फेरीत दीडशेवर घोळी मिळाल्या आणि त्या कोटीच्या वर विकल्या गेल्या. सगळ्या वाहिन्यांनी नशीब फळफळलं म्हणून बातमी दाखवली. त्या नाखवाचं नशीब फळफळलं हे खरंच, त्यात त्याचा काही दोष नाही. पण घोळ थव्याने जमते, आणि एका जाळ्यात दीडशे मोठ्या घोळी आल्या म्हणजे एका फेरीत बियाण्याचं अख्खं कोठार उपसलं गेलं, हे कुठल्याच वाहिनीने सांगितलं नाही.

इथं डोलकरांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. डोल जाळं एका जागी रोवलेलं असतं, भरती-ओहोटीच्या पाण्याने जे येईल ते त्यात शिरतं. बोंबील आणि जवळ्यासाठी लावलेल्या बारीक आसाच्या जाळ्यात पापलेटाची पिल्लंही येतात, आणि वर काढेपर्यंत ती मेलेली असतात. नाखवा मोजपट्टी घेऊन काय करणार? मेलेलं पिल्लू परत टाकून दर्या भरत नाही. म्हणून नुसता दंड लावून भागणार नाही. जाळ्याच्या शेवटच्या टोकाचा आस वाढवायला पैसे द्या, आणि पिल्लं किनाऱ्याला येतात त्या दिवसांत जाळं बंद ठेवणाऱ्याला भरपाई द्या. पर्ससीन जाळ्यावर राज्याने फेब्रुवारी २०१६ पासून निर्बंध घातलेत, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. तरीही किनाऱ्यावरचा कोळी तक्रार करतो की रात्री दर्यात दिवे दिसतात. मोठ्यांना सोडून छोट्या डोलकरालाच मोजपट्टी दाखवली तर नियमाला गावात मान मिळणार नाही.

जनुकांवरच सगळं खापर फोडणंही बरोबर नाही. खाडीत सोडलेलं सांडपाणी, तोडलेली तिवरं, तापत चाललेला समुद्र, हे सगळं माशाची वाढ मारतं. पाणी तापलं की बरेच मासे बारीक राहतात, हे जगभर दिसलं आहे. पण ही कारणं आपल्या एकट्याच्या हातात नाहीत. कुठला मासा बियाण्याला ठेवायचा, हे बऱ्याच अंशी आहे.

प्रयोगशाळा काय देऊ शकते?

मढच्या जेट्टीवरून फेरीबोटीत बसलं की काही मिनिटांत वर्सोवा येतं. तिथं १९६१ साली सुरू झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. देशभरातली मुलं माशांचं शास्त्र शिकायला आपल्या शेजारी येतात आणि आपल्या कितीतरी कोळीवाड्यांना ती फक्त इमारत म्हणून माहीत आहे.

या शास्त्राने तळ्यात कमाल केली आहे. भुवनेश्वरच्या केंद्राने वेगवेगळ्या नद्यांतले रोहू आणले, त्यातले भरभर वाढणारे निवडून पिढ्यान्‌पिढ्या जोडी लावली आणि जयंती रोहू तयार केला. दर पिढीला वाढ सरासरी १७ टक्क्यांनी सुधारली. त्यात कुठलंही जनुक बाहेरून घातलं नव्हतं. शेतकऱ्याची कणसं निवडायची जी रीत, तीच इथं नीट मोजमाप ठेवून वापरली. कॅनडात याच्या पुढं जाऊन सामन माशात दुसऱ्या जातीच्या सामनचं वाढीचं जनुक घातलं. २०१५ मध्ये तो अमेरिकेत खायला मंजूर झाला, पण लोकांनी हवा तसा उचलला नाही आणि २०२४ च्या अखेरीस कंपनीने तो धंदा गुंडाळला.

पण पापलेट तळ्यातलं नाही. ते मोकळ्या दर्यात अंडी घालतं. त्याची जोडी लावायला तिथं कुणी जाऊ शकत नाही. (पिंजऱ्यात वाढवतात तो सिल्व्हर पोम्पानो दिसायला जवळचा असला तरी पापलेट नव्हे. घेताना बघून घ्या.)

डीएनएने आपल्या पापलेटाबद्दल आणखी एक गोष्ट उघड केली आहे. चीनकडच्या समुद्रातलं पापलेट आणि आपलं पापलेट एकच, असं पुस्तकांत बरीच वर्षं लिहिलेलं होतं. जनुकं वाचली तेव्हा कळलं की आपल्या किनाऱ्यावरची जात वेगळी आहे, तिचं शास्त्रीय नाव पॅम्पस कॅन्डिडस. म्हणजे तिकडून आणलेलं पापलेट बाजारात चालेल, पण आपल्या दर्यात त्याचं बियाणं कामाला येणार नाही. आपलं बियाणं आहे ते एवढंच.

आणि हे बियाणं एकट्या मढचं किंवा एकट्या महाराष्ट्राचं नाही. राज्याचा नियम चालतो किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत. पापलेटाला ती रेघ दिसत नाही. इथं सोडलेलं पिल्लू गुजरातच्या ट्रॉलरच्या जाळ्यात जाऊ शकतं, तिकडचं इकडे येऊ शकतं. दोन्ही राज्यांचं माप, आस आणि बंदीचे दिवस एक व्हावेत, ही मागणी म्हणूनच महत्त्वाची आहे. आपल्याकडे बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवसांची. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरच होडी लोटायची, ही कोळ्यांची रीत सरकारी कागदाच्या कितीतरी आधीची आहे. नारळी पौर्णिमा बहुतेक वर्षी ऑगस्टमध्ये येते. ती रीत पाळली तर काही वर्षी सरकारी बंदीपेक्षा दोन-तीन आठवडे जास्त मिळतात, आणि त्या आठवड्यांत पिल्लं अंगठ्याएवढी असतील तर बोटाएवढी होतात. मच्छीमार सोसायट्यांनी पुढच्या हंगामाच्या आधी बसून हा एक ठराव केला, तर त्याला मंत्रालयाच्या परवानगीची गरज नाही.