पॅच टेस्टला अपॉइंटमेंट द्या

तुळशीची लग्नं लागली की आमच्या टपालात तक्रारींचाही सीझन सुरू होतो. यंदाही झाला. हळदीच्या आदल्या संध्याकाळी ब्लीच केलं आणि नवरीचे गाल लालबुंद झाले. साखरपुड्याला आलेल्या मावशींना डाय लावला, दुसऱ्या दिवशी पापण्या सुजून डोळे मिटले. क्लायंट पैसे परत मागतेय, डीलर फोन उचलत नाही आणि कंपनीचा माणूस ‘तुमची प्रोसिजर चुकली असेल’ म्हणून मोकळा. पत्रांत ब्रँड आहे, बॅच नंबर आहे, शिव्याही आहेत. पॅच टेस्ट कधी केली आणि किती तासांनी पाहिली, हे मात्र एकाही पत्रात नाही.

मैत्रिणींनो, हे नवं नाही. पीपीडी किंवा तत्सम रंग असलेल्या डायसोबत कोणती सूचना द्यायची, हे 1945 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांनी जवळजवळ शब्दन् शब्द ठरवून दिलं होतं आणि 2020 च्या कॉस्मेटिक्स नियमांतही ते कायम आहे. कानामागची किंवा कोपर ते मनगट या भागातली आतल्या बाजूची छोटी जागा धुऊन घ्या, लावायला तयार केलेला डाय तिथे लावून वाळू द्या, 24 तासांनी धुऊन बघा. आणि ही चाचणी प्रत्येक वेळी करा. भुवया आणि पापण्यांना डाय लावूच नका, डोळे जाऊ शकतात, हेही तिथेच लिहिलेलं असतं. तरी ‘आयब्रोलाही जरा टच करून द्या’ म्हटलं की ब्रश भुवयांकडे वळतोच.

ही सूचना स्थानिक भाषेतही असावी, असं नियम म्हणतो. हातातलं खोकं उघडा आणि मराठी कुठे आहे ते शोधा. असली तर अक्षरं मुंगीएवढी. घडीवर घडी घातलेला तो कागद ग्लोव्हजबरोबर बाहेर येतो आणि ट्रॉलीवर डाग पडू नये म्हणून डायच्या वाटीखाली अंथरला जातो. वाचायची वेळ येते तेव्हा नेमकी पॅच टेस्टची ओळ काळी झालेली असते.

आता सरकारी तऱ्हा पाहा. पार्लरच्या दारावरची पाटी मराठीत हवी, देवनागरी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत, नाहीतर दंड. शॉप अॅक्टच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी माणसं असलेली आपली छोटी पार्लरंही त्यात आली. पाटी मराठीत हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण पाटीची अक्षरं मोजणाऱ्या व्यवस्थेला आतल्या खोक्यावरची अक्षरं दिसत नाहीत. पाटी एका खात्याची, खोकं दुसऱ्याचं. कंपनीने छापलं की तिचं काम संपलं. जिच्या हातात ब्रश आहे तिला ते कळलं का, तिने केलं का, हे विचारणारं कोणीच नाही. तिला पार्लर काढायला शिक्षणाचा कागदही लागत नाही. आयटीआयमध्ये कॉस्मेटोलॉजी शिकलेली मुलगी आणि आठ दिवसांचा क्रॅश कोर्स केलेली मुलगी, शॉप अॅक्टपुढे दोघी सारख्याच.

पण सगळं खापर सरकारवर फोडून चालणार नाही. आपल्यातल्या जुन्या-जाणत्यांचं ठरलेलं उत्तर असतं, ‘दहा वर्षं याच क्लायंटला हाच डाय लावतेय, आता कसली टेस्ट?’ नेमकी तिथेच गफलत आहे. पीपीडीची अॅलर्जी पहिल्या दिवशी असावीच लागत नाही. ती पुन्हा पुन्हा लावून तयार होते आणि एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते. जत्रेत हातावर काळ्या मेंदीचा टॅटू काढून घेतलेली मुलगी पुढे केसांना डाय लावते तेव्हा तिचं शरीर आधीच तयार असू शकतं. म्हणून ‘मला डाय नको, काळी मेंदी लावा’ म्हणणारीचीही टेस्ट करा. मेंदीच्या पानाचा रंग काळा नसतो. पुडीतली मेंदी मिनिटांत काळी होत असेल तर आत बहुधा पीपीडीच आहे.

24 तास हीसुद्धा किमान मुदत समजा. अॅलर्जीची ही रिअॅक्शन सावकाश उठते, कधी 48 तासांनी, कधी 72. काही कंपन्या स्वतःच 48 तास लिहितात. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या लावून 48 तासांनी काढतात आणि पुढेही एक-दोन दिवस पाहतात. त्यांची ती तपासणी वेगळी. कानामागे ठिपका लावून आपण डॉक्टर होत नाही.

टेस्ट करणाऱ्याही चुकतात. डेव्हलपर न मिसळता नुसता रंग लावला तर ती टेस्ट नव्हे. ब्लीच आणि पील कानामागे रात्रभर ठेवायचे नसतात. चेहऱ्यावर जेवढी मिनिटं ठेवणार तेवढीच ठेवा, धुवा आणि पुढचे दोन दिवस जागा बघा. घरी लावायला सीरम किंवा रेटिनॉल देत असाल तर क्लायंटला सांगा, कोपराच्या आतल्या बाजूला एकाच जागी सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लाव, मग चेहऱ्याला. त्या दिवशी वॅक्स केलेल्या जागी टेस्ट नको. आणि घरी बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोलचं क्रीम चालू आहे का, हे आधी विचारा. त्या जागी स्टेरॉइड लागत असेल तर रिअॅक्शन दबते, टेस्ट साफ दिसते आणि फसगत होते.

टेस्ट साफ आली म्हणजे माल चांगला, असंही समजू नका. पारा कानामागे खाजत नाही. 2023 मध्ये अकोल्यातल्या एका कुटुंबातल्या तिघींच्या किडनीला इजा झाल्याचं प्रकरण गाजलं. त्या वापरत असलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडला होता. लेबल नाही, बॅच नाही, उत्पादकाचा पत्ता नाही असा माल टेबलावर घ्यायचाच नाही. तिथे टेस्टचा प्रश्नच येत नाही.

‘काही झाल्यास पार्लर जबाबदार नाही’ या चिठ्ठीवर सही घेणाऱ्यांनाही सांगतो. ग्राहक आयोगापुढे ही चिठ्ठी निष्काळजीपणावर पांघरूण घालत नाही. तिथे विचारतील ते एवढंच, टेस्ट केली होती का आणि नोंद कुठे आहे?

म्हणून या सीझनपासून एवढं कराच. प्री-ब्रायडल पॅकेजचा अॅडव्हान्स घ्याल त्याच दिवशी पॅच टेस्ट उरका. टेस्टचे वेगळे पैसे लावा. फुकट दिलं की क्लायंटही ते फुकटातलंच समजते. साधी वही घाला: तारीख, प्रॉडक्ट, बॅच नंबर, जागा, 24 तास, 48 तास आणि मोबाइलवर काढलेला फोटो. ‘आज संध्याकाळी फंक्शन आहे, आत्ताच करून द्या’ म्हणणारीला नवं ब्लीच किंवा नवा डाय नाही म्हणा, ब्लो-ड्राय आणि मेकअप करून पाठवा. ती रुसून शेजारच्या पार्लरमध्ये जाईल, ही भीती खरी आहे. म्हणून तर हे एकेकटीने न करता गावातल्या सगळ्या पार्लरांनी मिळून करायचं. तालुक्याच्या संघटनांनी पुढच्या बैठकीत दरपत्रकाबरोबर हाही ठराव घ्यावा.

कंपन्यांकडे एकच मागणी आहे. गिफ्ट हॅम्पर आणि छत्र्या पुरे, टेस्टपुरते छोटे सॅशे द्या. एका ठिपक्यासाठी आख्खी ट्यूब फोडायची आणि दोन दिवस तशीच ठेवायची, हे कोणालाच परवडत नाही. अन्न व औषध प्रशासनाला विनंती आहे, दुकानातली चार खोकी उचला आणि त्यावरची मराठी वाचून दाखवा.

आपापल्या दरपत्रकावर सर्वांत वर एक ओळ आजच छापून घ्या: ‘पॅच टेस्टशिवाय ब्लीच, पील आणि डाय केला जाणार नाही.’ आणि ती पाळा.