आभाळाचा खड्डा आणि आमचा खड्डा



लोणारचं तळं तुम्ही फोटोत पाह्यलं असेल. मी ते आज्याच्या तोंडून ऐकलं. आजा तिकडचाच, बुलडाण्याच्या मुलखातला, गावकुसाबाहेरचा. १९७२ च्या दुष्काळात त्यानं सरकारी कामावर खडी फोडली आणि पोटामागं फिरत फिरत भोसरी-मोशीला येऊन पडला. इथंही खडीच. म्हणायचा, "गाव सुटलं, पर दगड काई सुटला नाई."

आज्याला भूशास्त्र येत नव्हतं, पण बोलला ते खरं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले, त्यांचा हा दख्खनचा काळा बसाल्ट झाला. लोणारला तोच, मोशीला तोच, घोरावडेश्वराच्या लेण्यांत तोच. दगडाला जात नाही. जात आहे ती खड्ड्याला.

कशी, ते सांगतो.

लोणारचा खड्डा आभाळातून पडलेल्या दगडानं पाडला. रुंदी सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. वय आधी पन्नास हजार वर्षं सांगत, मग आर्गॉनच्या मोजणीत ५ लाख ७० हजार निघालं. बसाल्टातलं असं विवर जगात दुर्मिळ, म्हणून चंद्राचा अभ्यास करणाऱ्यांनाही त्याचं अप्रूप. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं. लगेच हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं विचारणा केली. नमुने नीरीत गेले, आपल्या पुण्याच्या आघारकर संस्थेत गेले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांनी तो रंग आणला, असं निघालं. त्याच वर्षी तळं रामसर यादीत गेलं. चांगलं झालं. तळं जपलंच पाहिजे, त्याच्याशी माझं भांडण नाही.

भांडण हे की, तिथं पाण्याचा रंग बदलला तर कोर्ट जागं होतं, आणि इथं खाणीत पोरगं बुडालं तर क्रशरसुद्धा थांबत नाही.

पोरगं आमच्या लायनीतलं, अकरा वर्षांचं. माझ्या मागं मागं शाळेला यायचं, चपला झिजतील म्हणून हातात धरून. वस्तीला नळ नव्हता. धुणं सोडून दिलेल्या खाणीवर, साठलेल्या पावसाच्या पाण्यात. आई धूत होती, पोरगं बादली भरायला वाकलं आणि गेलं. नदीला उतार असतो, तळ्याला उतार असतो. सुरुंगानं फोडलेल्या खाणीला उतार नसतो. पहिलं पाऊल आणि तीन पुरुष पाणी. मालक म्हणाला, "पोहायला कुणी सांगितलं होतं?" कागदावर तेच चढलं : पोहताना बुडून. मेलो तरी गुन्हा आमचाच!

आता सरकारी भाषा बघा. १९५७ च्या खनिज कायद्यात बांधकामाचा दगड आणि खडी म्हणजे 'गौण खनिज'. गौण! १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलं. १९६२ साली एमआयडीसी निघाली. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला. मग चाकणला मोटारींचे कारखाने. सगळ्यांच्या पायात खडी. आणि खडी गौण, खडी फोडणारा तर त्याहून गौण. शंभर घनफूट म्हंजे एक ब्रास. माझ्या बापानं जन्मभर ब्रास मोजून दिले. सरकारनं दर ब्रासमागं रॉयल्टी घेतली. बापाच्या छातीत जी धूळ गेली तिचे ब्रास कुणी मोजले?

ही चाल जुनी आहे. लोणारच्या तळ्यातून शेकडो वर्षं खार काढला. काच आणि साबण करायला लागणारा माल तिथं मिळतो, हे 'आईन-इ-अकबरी'तसुद्धा लिहून ठेवलंय. महसूल लिहिला. खार काढणारे हात कुणाचे, ते लिहिलं नाही. उलट पुराणानं काय सांगितलं? तळ्याखाली लवणासुर राहायचा, विष्णूनं त्याला मारला. म्हणजे जमिनीखाली जो राहतो, राबतो, तो राक्षस. त्याला मारणाऱ्याचं देऊळ. आज आम्ही जमिनीखाली आहोत. आमचं नाव काय ठेवणार?

टॉवरच्या गॅलरीत उभे राहून पांढरपेशे म्हणतात, ह्या खाणवाल्यांनी डोंगर खाल्ले. अहो, डोंगर खाल्ला कुणी? तुमच्या स्लॅबात तो आहे. आमच्या ताटात फक्त त्याची धूळ आली. खाणी बंद करा म्हणता, करा. पण आधी सांगा, ज्यांनी फोडला ते जाणार कुठं? आणि जो खड्डा मागं राह्यला, त्याचा धनी कोण?

१९५२ च्या खाण कायद्यानं दगडखाणही खाणच धरली. सोडलेल्या खाणीला कुंपण घाला, असं १९६१ च्या विनियमांत लिहिलं. २०१५ च्या दुरुस्तीनं खाणबाधितांच्या हितासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान काढायचं ठरलं. लिहायला कुणी कमी नाही केलं. पण आमच्या खड्ड्याला काटेरी तारेचं एक वेटोळं मिळालं नाही.

२० मार्च १९२७. महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तेव्हा सवाल होता, पाण्याला हात कुणी लावायचा? आज आमच्याच हातांनी पडलेल्या खड्ड्यांची तळी झालीत आणि सवाल आहे, त्यात मेलेल्यांना मोजायचं कुणी?

म्हणून मागण्या साध्या आहेत. मोशीपास्नं चाकणपर्यंत प्रत्येक खाणीची सर्व्हे नंबर, खोली आणि पट्टेदाराच्या नावासकट यादी चावडीवर लावा. सोडलेल्या प्रत्येक खाणीला कुंपण आणि एका बाजूनं उतार करा, खर्च पट्टेदाराकडनं वसूल करा. खनिज प्रतिष्ठानाच्या पैशाचा हिशेब खाणवस्तीत येऊन वाचून दाखवा. वस्तीला नळ द्या. बुडालेल्यांची नोंद ठेवा.

यादी सरकार करणार नसेल तर आपण करू. पोरांनो, वही घ्या, दोरीला दगड बांधा, खड्डा खड्डा मोजत निघा. दगड बांधायला आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

जयभीम.