दीड मिलिमीटरची किंमत

अमेरिकेत अनेक हौशी लोक घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधतात आणि त्यातून स्वतः उडतातही. तेथील कायद्याची अट अशी, की अशा विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसांनी केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी बनवलेला असावा. यातला ‘शिक्षणासाठी’ हा शब्द लक्षात ठेवा.

या कामात भल्याभल्यांना घाम फोडणारा टप्पा म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक छत, म्हणजेच कॅनॉपी बसवणे. हे छत बहुधा ॲक्रिलिक या प्लास्टिकचे असते आणि पुष्कळदा ते ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर स्क्रूंनी बसवतात. आता एक गणित करा. तापमान 1 अंश सेल्सिअस वाढले, की 1 मीटर लांबीचे ॲक्रिलिक सुमारे 0.07 मि.मी. वाढते, ॲल्युमिनियम मात्र 0.023 मि.मी. पहाटेच्या थंडीनंतर उन्हात 30 अंशांचा फरक पडला तर? ॲक्रिलिक 2.1 मि.मी. वाढेल, ॲल्युमिनियम 0.7. या जवळजवळ दीड मिलिमीटरला जागा हवी. भोक घट्ट असेल, तर त्याच्या कडेशी ताण साठतो आणि तेथूनच तडा जातो. म्हणून भोक स्क्रूपेक्षा थोडे मोठे पाडतात.

ॲक्रिलिक थंडीत अधिक ठिसूळ होते, म्हणून ते उबदार खोलीत कापतात. ड्रिलची नेहमीची धार त्यात रुतते, म्हणून ती थोडी बोथट करून घेतात. कडेवरचा ओरखडाही तड्याला वाट देतो, म्हणून कडा घासून गुळगुळीत करतात. शेवटी समोरच्या काचेचा आणि विमानाच्या अंगाचा सांधा इपॉक्सीत भिजवलेल्या काचतंतूंच्या पट्ट्यांनी मढवतात व घासून त्याला गोलाई देतात. हेच फेअरिंग. त्यामुळे वारा सांध्यावर न अडखळता वाहतो.

आपल्याकडे प्रसरणाचा धडा रुळांमधील फटीपाशी सुरू होतो आणि उत्तरपत्रिकेत संपतो. उत्तर चुकले तर दोन गुण जातात, एवढेच! विमान बांधणाऱ्याचे उत्तर चुकले, तर महागडे छत वाया जाते. म्हणूनच त्याला प्रसरण जसे समजते, तसे पाठांतराने समजत नाही, असे माझे मत आहे.

शिक्षकांना विनंती, की यासाठी विमान नको. पाट्या बनवणाऱ्याकडून ॲक्रिलिकचे टाकाऊ तुकडे आणा. मुलांच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मे चढवा आणि आपल्या देखरेखीखाली त्यांना भोके पाडू द्या. तडा गेला, की तो का गेला हे आधी त्यांनाच विचारा.