रेघ कोणी आखायची?

आपल्या पनवेल तालुक्यात, खारघरला टाटा स्मारक केंद्राचं ‘अ‍ॅक्ट्रेक’ आहे. तिथे ल्युकेमियाच्या पेशी रंगवून लेझरपुढून एकेक सोडतात. जितकी चमक, तितका डीएनए. लहान मुलांमध्ये तो बराच जास्त निघाला तर सहसा आशा अधिक, कमी निघाला तर काळजी. पण आलेखावर निरोगी पेशी कुठे संपल्या, रोगट कुठे सुरू झाल्या, ही रेघ बरेचदा माणूसच आखतो. दोघांच्या रेघा जुळतीलच असं नाही! म्हणून हे काम संगणकाने करावं, असं माझं ठाम मत. मात्र त्यापायी कुठल्याही रुग्णालयाने तंत्रज्ञांची पदं कमी करू नयेत. नमुना शिळा असला, पेशी थोड्या असल्या, की संगणकही चकतो. तेव्हा सरावलेला डोळा लागतोच. औषध किती कडक द्यायचं, हे ठरवताना हा आकडाही पाहतात.