शुगर निघाली. मग?

या वीकएंडला जरा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

आमच्या यवतमाळकडच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर महिन्या-दोन महिन्यांनी एक फोटो हमखास येतो. मंडप, बॅनर, बॅनरवर हात जोडलेले भाऊ किंवा दादा किंवा साहेब, आणि मोठ्या अक्षरात 'भव्य मोफत मधुमेह तपासणी शिबिर'. दुसऱ्या दिवशी पेपरातलं कात्रण. शेकडो नागरिकांनी लाभ घेतला! ग्रुपवर अंगठे, नमस्कार, फुलं वगैरे.

माझा प्रश्न साधा आहे. लाभ म्हणजे नेमका कोणता? बोटाला सुई टोचून एक आकडा सांगितला, हा? समजा त्या शेकड्यांपैकी चाळीस जणांची शुगर वाढलेली निघाली. तीन महिन्यांनी ते चाळीस लोक कुठे होते? त्यातल्या किती जणांनी गोळी सुरू केली, किती जणांनी सोडली, कितींचे डोळे कुणी बघितले? याचं कात्रण मी आजवर बघितलेलं नाही. तुम्ही बघितलं असेल तर जरूर पाठवा.

आपल्या धंद्यात याला काय म्हणतात ते सांगायला नको. गो-लाइव्हचा केक कापला, फोटो काढले, टीम दुसऱ्या प्रोजेक्टवर गेली. सिस्टिम चालतेय की झोपलीय हे बघायला कुणीच नाही. फरक एवढाच की इथे सिस्टिम म्हणजे कुणाचे तरी पाय आणि मूत्रपिंडं असतात.

उदाहरण घरचंच देतो. दारव्हा तालुक्यात आमचे मोठेबाबा राहतात. अशाच एका शिबिरात त्यांची शुगर २६८ निघाली. हातात चिठ्ठी, दहा दिवसांच्या गोळ्या आणि "गोड कमी करा" हा सल्ला. गोळ्या संपल्यावर त्यांनी ती चिठ्ठी रेशन कार्डाच्या प्लास्टिकमध्ये नीट घालून ठेवली आणि मेडिकलमध्ये दाखवून तीच गोळी आणत राहिले. दोन वर्षं! मी विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "मले काई नाई झालं बाबू, गोळी घेऊन राह्यलो ना." आणि त्यांच्या बाजूने ते शंभर टक्के बरोबर होते. सांगितलेलं सगळं ते करत होते. पुढे काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग पऱ्हाटीत फिरताना बाभळीचा काटा अंगठ्यात मोडला. मोडला हे त्यांना कळलंच नाही, कारण पायाची संवेदना कधीच गेली होती. जखम दिसली ती मोजे काढल्यावर नाही (मोजे कोण घालतं तिकडे), वास यायला लागल्यावर. अंगठा काढावा लागला.

पायाची संवेदना तपासायला काय लागतं? नायलॉनचा एक धागा. मोनोफिलामेंट म्हणतात त्याला, दहा ग्रॅमचा दाब पडला की वाकतो. डोळे मिटायला सांगून तळपायाला टेकवायचा आणि कळलं का ते विचारायचं. वीज लागत नाही, लॅब लागत नाही, दोन मिनिटांचं काम.

टाइप टू मधुमेहाबद्दल जी गोष्ट शिबिरवाल्यांनी मंडपाच्या खांबावर लिहून ठेवायला हवी ती ही, की तुम्हाला जेव्हा शुगर 'निघते' तेव्हा ती आलेली नसते. ती कित्येक वर्षं आधीच आलेली असते. ब्रिटनमध्ये यूकेपीडीएस नावाचा मोठा अभ्यास झाला. १९७७ ते १९९१ या काळात त्यांनी नुकतंच निदान झालेले ५१०२ रुग्ण घेतले. त्यातल्या जवळपास निम्म्यांच्या शरीरात निदानाच्या दिवशीच मधुमेहाने केलेल्या नुकसानीच्या खुणा होत्या. म्हणून टाइप टूमध्ये डोळ्याचा पडदा निदान झाल्या झाल्या बघायचा असतो, बाहुली मोठी करणारे थेंब टाकून, आणि नंतर साधारण दर वर्षी. लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन सुरुवातीलाच, मग दर वर्षी. पायही तसेच. बीपी प्रत्येक भेटीत. कोलेस्टेरॉल. आणि एचबीएवनसी ताब्यात येईपर्यंत दर तीन महिन्यांनी, मग वर्षातून किमान दोनदा. यात एकही गोष्ट अंतराळविज्ञान नाही.

याच अभ्यासाचे निकाल १९९८ मध्ये आले. ज्यांची शुगर कसून ताब्यात ठेवली त्यांचं एचबीएवनसी सरासरी ७ आणि बाकीच्यांचं ७.९. एवढ्याशा फरकाने डोळे, किडनी अशा बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती २५ टक्क्यांनी कमी झाल्या. खरी गंमत पुढे आहे. अभ्यास संपल्यावर वर्षभरात दोन्ही गटांची शुगर सारखीच झाली, पण २००८ मध्ये बघितलं तर पहिल्या गटाचा फायदा तरीही टिकून होता. म्हणजे निदानानंतरची पहिली काही वर्षं सोन्याची. आणि आपल्याकडे नेमकी तीच वर्षं चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून ठेवण्यात जातात.

आता थोडं आपल्याकडे वळतो. आपण म्हणजे हिंजवडी, खराडी, बंगलोर, न्यू जर्सी इथे बसलेली मंडळी. गावी शुगर निघाल्याचा फोन आला की आपण पहिलं काम काय करतो? ऑनलाइन ग्लुकोमीटर ऑर्डर करतो. मग दर रविवारी फोनवर "शुगर किती आली?" "एकशे वीस." "मस्त!" संपलं. हे म्हणजे सकाळी एकदा सर्व्हरला पिंग करून दिवसभर निवांत राहण्यासारखं आहे. (त्यातून घरचे हुशार. रविवारी तपासणार म्हणून शनिवारी रात्री भात सोडतात.) एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांचा लॉग दाखवतं, कारण तांबड्या पेशीचं आयुष्यच सुमारे १२० दिवसांचं असतं. ती शनिवारच्या उपाशीपणाला फसत नाही.

ग्लुकोमीटर निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाहीये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर तो घरात हवाच. श्रावणातले उपास, मे महिन्यातलं आमच्याकडचं ४५ डिग्रीचं ऊन, आणि रिकाम्या पोटी गोळी खाऊन शेतात गेलेला माणूस. घाम, थरथर, गरगरणं. सगळे म्हणतात ऊन लागलं. शुगर खाली गेलीय हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. तेव्हा मीटर पाठवलाच असेल तर तो अशा वेळी लावायचा, हेही सांगा.

आणि एचबीएवनसीलाही डोळे मिटून मान डोलवू नका, विशेषतः विदर्भात. आपल्या भागात सिकलसेल आहे. त्या आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, म्हणून आकडा खोटाच कमी येऊ शकतो. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल तर उलट, जास्त येऊ शकतो. नुसता वाहक असेल तर लॅबची पद्धत कोणती यावरही अवलंबून असतं. पुण्यातल्या पॅकेजवाल्या लॅबचा माणूस हे विचारणार नाही. तुम्ही डॉक्टरांना आपणहून सांगायचं.

असो. मूळ भांडणाकडे येतो. हे सगळं बोललं की समोरून एक उत्तर ठरलेलं असतं: "लोकच परत येत नाहीत, काय करणार?" शिबिरवाले हेच म्हणतात, डॉक्टर हेच म्हणतात, गावातले शिकलेलेही हेच म्हणतात. आपल्या धंद्यात हे वाक्य 'यूजरच मूर्ख आहे' या रूपात रोज ऐकू येतं, आणि तिथे ते जितकं खरं असतं तितकंच इथे. झरी जामणीतल्या एखाद्या पोडावरून किंवा दिग्रसकडच्या तांड्यावरून माणूस तालुक्याला येणार तर दिवसाची मजुरी बुडणार, एसटीचं तिकीट जाणार, आणि पोचल्यावर कळणार की गोळी आज आलेली नाही किंवा फक्त सात दिवसांचीच मिळेल. जूनमध्ये पेरणी, दिवाळीनंतर कापसाची वेचणी. तुम्ही-आम्ही एसी गाडीतून डेंटिस्टची अपॉइंटमेंट तीनदा पुढे ढकलतो, आणि त्या माणसाला बेशिस्त म्हणतो!

परत आणता येतात माणसं. यासाठी स्वित्झर्लंडला जायला नको, यवतमाळच्या शेजारचा वर्धा जिल्हा पुरे. २०१७ मध्ये देशात बीपीसाठी 'इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह' सुरू झालं. महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांमध्ये वर्धा, भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग होते. कल्पना अगदी रटाळ आहेत आणि म्हणूनच मला आवडतात. सगळ्या डॉक्टरांनी एकच साधा उपचारक्रम पाळायचा. ठरलेली मोजकी औषधं, ती संपू द्यायची नाहीत. एका वेळी तीस दिवसांची द्यायची, आणि शक्यतो घराजवळच्या केंद्रात. बीपी मोजणं, नोंद करणं हे नर्सने करायचं. आणि शेवटचं, माझ्या जिव्हाळ्याचं: नाव नोंदवलेल्या माणसाला संख्येतून गायब होऊ द्यायचं नाही.

त्यासाठी महाराष्ट्रातही 'सिंपल' नावाचं अॅप वापरलं गेलं. ओपन सोर्स आहे, नेटवर्क नसताना चालतं, पेशंटच्या हातात क्यूआर कोडचं कार्ड असतं, आणि नर्सला तारीख चुकलेल्यांची यादी फोन नंबरसकट समोर दिसते. ती फोन लावते. बस! कुठलंही एआय नाही. वर रिपोर्टमध्ये 'किती तपासले' हा आकडा मिरवत नाही. नोंदवलेल्यांपैकी किती जणांचं बीपी शेवटच्या भेटीत ताब्यात होतं आणि किती जण आलेच नाहीत, हे दिसतं. छेद पक्का. छेद पक्का असला की खोटं बोलणं अवघड होतं. या उपक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला.

मग मधुमेहाला हाच हिशोब का नको? राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात. मे २०२३ मध्ये सरकारने २०२५ पर्यंत बीपी आणि मधुमेहाच्या साडेसात कोटी रुग्णांना प्रमाणित उपचारांखाली आणायचं लक्ष्य जाहीर केलं. तपासणीऐवजी उपचार मोजायला घेतले हे चांगलंच झालं. पण मला हवा तो आकडा त्याच्याही पुढचा आहे. आमच्या तालुक्यात मागच्या वर्षी ज्यांना शुगर निघाली त्यांच्यापैकी किती जणांचं एचबीएवनसी एकदा तरी झालं, किती जणांच्या पायाला तो धागा लागला? तालुक्याच्या रुग्णालयाच्या भिंतीवर दर तिमाहीला लिहावा. खडूने लिहिला तरी चालेल.

पैशांची सबब मला पटत नाही. २०१६ पासून गरिबांना मोफत डायलिसिस देणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, तो असायलाच हवा. मोठ्या विमा योजनाही भरती झाल्यावर पैसे देतात. म्हणजे किडनी गेल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा यंत्राला जोडायचा खर्च परवडतो, आणि ती जाऊ नये म्हणून वर्षातून एकदा लघवी तपासायचं म्हटलं की आपल्याला बजेट आठवतं.

एक छोटी गोष्ट राहिली, कारण कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच. 'आमच्या काकांनी मधुमेह रिव्हर्स केला.' उत्तम! वजन घटवून औषधाशिवाय शुगर उतरते, हे खरं आहे. पण २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी यासाठी 'रेमिशन' हा शब्द मुद्दाम निवडला, कारण ती परत येऊ शकते. अशा काकांचंही एचबीएवनसी दर वर्षी आणि डोळे-पाय-किडनी नेहमीप्रमाणे, असंच त्यांनी सांगितलंय. तेव्हा काकांचं अभिनंदन, आणि पुढची तारीख कॅलेंडरवर टाका.

१४ नोव्हेंबरला जागतिक मधुमेह दिन असतो. मंडप पडतील, भाऊ येतील, ग्रुपवर फोटो येतील. यंदा मी अंगठा टाकणार नाहीये. फोटोखाली एवढंच विचारणार आहे: मागच्या वर्षीचं रजिस्टर कुणाकडे आहे, आणि त्यातल्या किती जणांना आज फोन केला? तुमच्या गावच्या ग्रुपवर तुम्हीही विचारा. काय उत्तर येतं ते खाली लिहा.