शिकतोय म्हणून फुकट?

दहावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यांत सत्कार होतात. गॅरेजात राबून ऐंशी टक्के मिळवणाऱ्या मुलाला शाल पांघरली जाते, टाळ्या पडतात. त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण अनेकदा त्याच व्यासपीठावर गॅरेजचा मालकही बसलेला असतो. वर्षभर या मुलाला किती पगार दिला, हे त्याला कुणी विचारत नाही.

मी विचारतो, कारण ते काम मी केलं आहे. नववीची परीक्षा झाल्यावर सोलापुरात दुचाकीच्या एका गॅरेजमध्ये लागलो. सकाळी शटर उघडायचं, झाडलोट करायची, मग उस्ताद हाक मारतील तसं धावायचं: बारा-तेराचा पाना, डब्यात रॉकेल, गिऱ्हाइकाला चहा. सुट्टी संपेपर्यंत प्लग साफ करणं, चेन ताणणं, ब्रेकची केबल बदलणं हातात बसलं. या कामाची मला लाज नाही. बिघाड टप्प्याटप्प्यानं शोधायची सवय तिथेच लागली, आज कोड तपासताना तीच कामी येते. पण आठवड्याला हातावर पडायची ती फक्त ‘खर्ची’. पगाराचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं: “अभी तो तू सीख रहा है, बेटा.”

पुढे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी एका कंपनीत इंटर्नशिप केली. सुरुवातीचे आठवडे तिथेही मी फक्त शिकतच होतो, तरी दर महिन्याला पैसे खात्यात जमा होत. एका ठिकाणी शिकण्याचे पैसे मिळाले, दुसऱ्या ठिकाणी शिकण्याच्या नावाखाली पैसे बुडाले. कारण एकीकडे करार होता, दुसरीकडे मेहेरबानी.

१९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात किमान वय १४, लेखी करार आणि विद्यावेतन या तिन्ही गोष्टी आहेत. लहान गॅरेजवर त्याची सक्ती नसेल, पण शिकणाऱ्याच्या श्रमालाही मोल असतं हे तत्त्व तिथे का लागू नसावं? आणि १४ वर्षांखालच्या मुलाला गॅरेजात नोकर ठेवणं तर २०१६च्या दुरुस्तीनंतर सरळ गुन्हाच आहे.

“मालकही गरीबच आहे, वर हुनर शिकवतो,” असं म्हटलं जातं. उस्तादांचा हुनर मीही मानतो. पण पोरानं साफ केलेल्या प्लगची मजुरी गिऱ्हाइकाकडून पूर्ण घेतली जाते. मग पोराचा वाटा कुठे जातो? ६ ते १४ वयाची २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती, असं सच्चर समितीनं २००६मध्ये नोंदवलं. त्यांना शाल मिळत नाही. आपण यशोगाथा सांगतो ती टिकलेल्या एकाची, गळालेल्यांचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. चौदाच्या आत काम नको. त्यापुढे शाळा सांभाळून काम करायचं असेल तर तास ठरलेले, मजुरी ठरलेली आणि परीक्षेची सुट्टी हक्काची.

दोस्तांनो, आज आपल्यातले अनेक जण कमावते आहेत. गाडी सर्व्हिसिंगला टाकाल तेव्हा पाना देणाऱ्या मुलाची इयत्ता विचारा आणि मालकाला त्याचा पगार विचारा. मोहल्ल्याच्या सत्कार समितीत असाल, तर मालकाला व्यासपीठावर बोलावण्याआधी विचारा.